पाकिटातलं दुसरं पाकीट
(लघुमाहितीपटासाठी निवेदन)

(दृश्य : लोखंडी कपाटाचं दार. दाखल नोंदवहीवरून सरकणारं बोट.)

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावाचं हे सार्वजनिक ग्रंथालय. वर्ग ‘ड’, म्हणजे सरकारी यादीतली शेवटची पायरी. एक खोली, तीन कपाटं आणि वर्तमानपत्रांसाठी एक लांब टेबल. दाखल नोंदवहीत कादंबऱ्या सगळ्यात जास्त, त्याखालोखाल स्पर्धा परीक्षांची पुस्तकं, मग पोथ्या आणि चरित्रं. शेतीचीही पुस्तकं आहेत, पण जवळपास सगळी एकाच वळणाची. काय पेरा, किती टाका, कधी फवारा. नवं बियाणं किंवा नवं यंत्र गावात शिरलं की गावाचं काय होतं, हे सांगणारं पुस्तक हवं असेल, तर ग्रंथपाल ताईंना खालचा कप्पा उपसावा लागतो.

ताई तो उपसतात. हाती लागतं ते इंग्रजी पुस्तक. अकोल्याला कृषी विद्यापीठात शिकलेल्या गावातल्याच एका मुलानं दिलेलं.

(दृश्य : गुरुजींची वही. शाईच्या पेनानं काढलेला आलेख.)

रविवारी संध्याकाळी एक निवृत्त गुरुजी हे पुस्तक गावाला सांगतात. वाचून दाखवत नाहीत, सांगतात. आठवडाभर डिक्शनरी घेऊन बसायचं, वहीत मराठीत उतरवायचं आणि रविवारी कीर्तनकाराच्या थाटात मांडायचं. टोपी नीट करूनच ते सुरुवात करतात. ते आम्ही कापलेलं नाही.

पुस्तक एव्हरेट रॉजर्स यांचं, ‘डिफ्यूजन ऑफ इनोव्हेशन्स’. पहिली आवृत्ती 1962 ची. नवी गोष्ट समाजात कशी पसरते, आधी कोण घेतं, मागं कोण राहतं आणि का, याचा हा अभ्यास. आणि त्याची मुळं एका शेतात आहेत. रॉजर्स हे अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या शेतकऱ्याचे पोरगे. वडिलांना यंत्रांची भारी हौस, पण संकरित मक्याचं बियाणं म्हटलं की नकार. 1936 साली दुष्काळ पडला. शेजाऱ्यांचा संकरित मका उभा राहिला, यांचा वाळला.

गुरुजी इथं थांबतात. समोरच्या बाकांवरचे म्हातारे एकमेकांकडे पाहतात.

(दृश्य : पऱ्हाटीचं, म्हणजे कापसाचं शेत, ड्रोनमधून. मग जिनिंगच्या आवारातला कापसाचा ढीग.)

त्याच आयोवात ब्राइस रायन आणि नील ग्रॉस या दोघांनी शेतकऱ्यांच्या घरोघरी जाऊन विचारलं होतं, हे बियाणं तुम्ही केव्हा घेतलं आणि कुणाचं ऐकून घेतलं? त्यांचा अभ्यास 1943 मध्ये छापून आला. 259 शेतकऱ्यांपैकी दोघे सोडून बाकी सगळ्यांनी 1941 पर्यंत नवं बियाणं घेतलं होतं. पण ऐकलं आणि लगेच पेरलं, असं झालं नाही. कानावर आल्यापासून शेतात यायला सरासरी नऊ वर्षं गेली. बातमी आणली विक्रेत्यानं, पण शेतकऱ्यांचा मोठा गट वळला तो शेजाऱ्याचं शेत पाहून. आणि वळल्यावर घरचं बी राखायची रीत सुटली, कारण संकरित बी दरवर्षी विकतच घ्यावं लागतं.

हे ऐकताना इथल्या कुणाला आयोवा परकं वाटत नाही. बीटी कापसाला, म्हणजे जनुक बदलून अळीला मारक केलेल्या कापसाला, 2002 साली परवानगी मिळाली. दहा-बारा वर्षांत देशातल्या कापसाखालच्या नव्वद टक्क्यांहून जास्त क्षेत्रावर तोच होता. कृषी केंद्राच्या काउंटरवर कंपनीचा माणूस बोलला असेल, पण पेरलं ते शेजारच्या धुऱ्यापलीकडची, म्हणजे बांधापलीकडची बोंडं मोजून.

(दृश्य : बियाण्याचं जुनं पाकीट, अगदी जवळून. त्यातून निघणारं लहान पाकीट.)

आता हे पाकीट पाहा. एका शेतकऱ्यानं सरकीच्या पोत्यामागं खोचून ठेवलं होतं, म्हणून आम्हाला मिळालं. मोठ्या पाकिटात 450 ग्रॅम बीटी बियाणं. त्याच्या आत हे दुसरं पाकीट, 120 ग्रॅम, साध्या म्हणजे बिगर-बीटी कापसाचं. ते तेव्हा शेताच्या कडेनं पेरायचं असे. बीटीच्या सभोवती पाच ओळी किंवा एकूण क्षेत्राच्या वीस टक्के, यातलं जे जास्त भरेल ते.

कशासाठी? बीटीच्या झाडात अळीला मारणारं प्रथिन असतं. लाखात एखादी अळी त्यातूनही वाचते. तिचा पतंग झाला आणि त्याला जोडीदारही तसाच वाचलेला मिळाला, की पुढची पिढी बीटीला दाद देत नाही. कडेच्या साध्या पऱ्हाटीवर मात्र नेहमीच्या अळ्या जगतात. त्यांचे पतंग संख्येनं जास्त असतात, वाचलेल्या थोड्यांशी त्यांचा संकर होतो आणि बियाण्याची ताकद टिकून राहते. म्हणजे थोडा कापूस अळीला खाऊ द्यायचा, तो उरलेला वाचावा म्हणून.

एवढी सगळी गोष्ट त्या लहान पाकिटात होती आणि ती सांगायला माणूस नव्हता. सूचना होत्या, मागच्या बाजूला, बारीक अक्षरात.

(दृश्य : बांधावर बसलेले शेतकरी काका.)

“आमाले वाटलं हे फुकटचं देल्लं. कोनी नांगे, म्हंजे बी न उगवल्याच्या जागा, भरले त्यानं, कोनी धुऱ्यावर फेकलं. कायले असते थे, हे कोनीच नाई सांगतलं ना भाऊ.”

(दृश्य : अंगठ्याच्या नखानं फोडलेलं बोंड. आत गुलाबी अळी. न उमललेली डोमकळी.)

ही गुलाबी बोंडअळी, बीटीला दाद न देणारी. फुलाच्या पाकळ्या आतून चिकटवून ठेवते. त्या मिटल्या फुलाला डोमकळी म्हणतात. नंतर बोंडात शिरते, आणि बाहेरून बोंड हिरवंगार दिसत राहतं. तिचं पोट जवळजवळ कापसावरच चालतं, त्यामुळे फरदड घेतली, म्हणजे हंगाम संपल्यावरही पऱ्हाटी उभी ठेवली, की तिला हंगामभराचं जेवण वाढून मिळतं. 2017 साली विदर्भात तिनं पऱ्हाटीचं काय केलं, ते इथं प्रत्येक घराला ठाऊक आहे. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं विसाहून जास्त माणसं गेली.

(दृश्य : ग्रंथालयाची खिडकी. गुरुजी पान उलटतात.)

1962 मध्येच अमेरिकेत आणखी एक पुस्तक आलं, रेचल कार्सन यांचं ‘सायलेंट स्प्रिंग’. पाखरं आणि डीडीटी एवढ्यासाठीच ते लोकांच्या लक्षात आहे. पण त्यात एक अख्खं प्रकरण कीटक औषधांना कसे सरावतात यावर आहे. गुरुजींनी ते दोन रविवार पुरवून सांगितलं. एका वर्षीच्या या दोन पुस्तकांतलं एक नवी वस्तू कशी पसरते ते पाहतं, दुसरं पसरल्यावर काय होतं ते. रॉजर्स यांनी पुढच्या आवृत्त्यांमध्ये स्वतःच्याच विषयाचे कान धरले आहेत. नवं ते चांगलंच असं आम्ही अभ्यासक आधीच धरून चालतो आणि परिणामांचा माग फार कमी जण काढतात, असं ते लिहितात. असली पुस्तकं विद्यापीठांच्या कपाटात पडून राहतात. ज्यांच्या शेतात आज तेच घडतं, त्यांच्या भाषेत ती येत नाहीत. आमच्या मते ती सगळ्यात आधी ‘ड’ वर्गात यायला हवीत.

(दृश्य : सेवाग्राम आश्रमाचं अंगण. चरखा. मग गावातल्या शिलाई मशीनची सुई.)

इथून सेवाग्राम फार लांब नाही. गांधीजींनी 1909 मध्ये ‘हिंद स्वराज्य’त यंत्रांवर कोरडे ओढले, म्हणून त्यांना यंत्रद्वेष्टे ठरवून लोक मोकळे होतात. त्याच गांधीजींनी 1924 मध्ये सिंगरच्या शिलाई मशीनला अपवाद म्हटलं होतं. आणि 1929 मध्ये चरखा संघानं सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. तेव्हाचे एक लाख! त्याच्या अटी गुरुजींनी फळ्यावर लिहून घेतल्या. भारतात बनवल्यास किंमत दीडशे रुपयांच्या आत. आठ तासांत 16,000 फूट सूत. खेड्यातल्या बाईला फारसं न दमता चालवता यावा. वीस वर्षं टिकावा आणि वर्षाची दुरुस्ती किमतीच्या पाच टक्क्यांवर जाऊ नये. बक्षीस कुणालाच मिळालं नाही. पण अटींचा हा कागद पुन्हा वाचा. त्यात यंत्र अजून जन्मलेलं नाही आणि ते चालवणारी बाई आधीच हजर आहे. आज बँकेत ट्रॅक्टरच्या कर्जाचा फॉर्म भरताना दुरुस्तीचा रकाना कोण विचारतं?

(दृश्य : वेचणी. कमरेला बांधलेल्या ओट्या, भराभर चालणारी बोटं.)

रविवारच्या बैठकीला आता वेचणीच्या बायाही येतात. त्यांच्यासाठी गुरुजींनी टोमॅटोचं प्रकरण काढलं. कॅलिफोर्नियात टोमॅटो तोडायचं यंत्र आलं. यंत्राच्या माराला टिकावं म्हणून टोमॅटोचं वाणही कडक काढलं गेलं. 1962 मध्ये तिथं सुमारे 4,000 टोमॅटो उत्पादक होते, नऊ वर्षांनी उरले 600. मजूर किती कमी झाले ते वेगळंच.

कापूस वेचायच्या यंत्राची चर्चा इथंही आहे. त्यासाठी पऱ्हाटी बुटकी हवी, दाट लावलेली हवी, बोंडं एकदमच फुटायला हवीत आणि पानं आधी गळायला हवीत. आज एकच झाड या बाया तीन-चार वेळा वेचतात, फुटेल तसं.

मागच्या बाकावरून एक काकू उठल्या.

“गुरुजी, मशीन येईन तं येईन. पन थे बनवाच्या आंधी आमाले कोनी इचारन काय? आमी सांगू ना, कवळी बोंडं कोन्ती अन् फुटलेली कोन्ती. पत्ती कशी लागू नाई द्याची, थे बी सांगू.”

गुरुजींनी त्यांनाच खडू दिला. वेचणीचं यंत्र कसं असावं, याच्या अटी फळ्यावर लिहायला घेतल्या आहेत. पहिली अट काकूंनी सांगितली, कापसात कचरा येता कामा नये. दुसऱ्या अटीवर वाद सुरू आहे, भाड्यानं आणायचं की बचत गटानं घ्यायचं. ताईंनी नोंदवहीत नवी मागणी लिहिली आहे. टोमॅटोच्या यंत्रावर आणखी काही छापलेलं असेल तर मागवा, मराठीत असल्यास उत्तम.