नाव उसनं, भांडण कोणाचं?

घरी गेल्यावर टीव्ही जरा पुढे ओढा आणि मागचं स्टिकर वाचा. पुढे नाव एकाचं, मागे बारीक अक्षरांत बनवणारा भलताच, असं पुष्कळदा निघतं. २०१० मध्ये फिलिप्सने भारतातल्या टीव्हींसाठी आपलं नाव औरंगाबादच्या व्हिडिओकॉनला वापरायला दिलं. नोकियाचे फोन २०१६पासून एचएमडी ग्लोबलकडे गेले. कोडॅक, थॉमसन हे टीव्ही नोएडाच्या सुपर प्लास्ट्रॉनिक्सचे. आजचा प्रश्न असा, की बाजारात नकली माल उतरला तर दावा लावायचा कोणी? नावाच्या मालकाने की भाडेकरूने?

त्याआधी व्हर्लपूल या अमेरिकी कंपनीचा खटला. तो वगळून ट्रेडमार्कवर बोलणं म्हणजे तुपाविना मोदक. १९५६ मध्ये कंपनीने इथे नाव नोंदवलं आणि १९७७ मध्ये नूतनीकरणच केलं नाही. १९८६ मध्ये एन. आर. डोंगरे आणि मंडळींनी वॉशिंग मशीनसाठी तेच नाव मागितलं. (आडनाव ऐकून लगेच बाजू घेऊ नका.) व्हर्लपूलची हरकत फेटाळली गेली, नोंदणी डोंगऱ्यांच्या पदरात पडली. म्हणजे कागद एकाकडे, लौकिक दुसऱ्याकडे! तरी १९९४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने मनाई हुकूम दिला तो व्हर्लपूलच्या बाजूने, पासिंग ऑफच्या, म्हणजे दुसऱ्याच्या लौकिकावर आपला माल खपवण्याच्या, आधारावर. पुरावा काय, तर इथे येणाऱ्या परदेशी मासिकांतल्या जाहिराती आणि अमेरिकी वकिलातीला विकलेली काही यंत्रं. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो हुकूम कायम ठेवला. वकील मंडळी हा मालकांचा विजय म्हणून रंगवून सांगतात. मला त्यात भाडेकरूंचं मरण दिसतं: दुकानात माल नसतानाही लौकिक मालकाचाच.

पाच मिनिटं उरली म्हणतात, तेव्हा भरभर. १९९९चा ट्रेडमार्क कायदा, कलम ५३: नुसता लेखी करार असलेल्या परवानेदाराला, म्हणजे आपल्या भाडेकरूला, उल्लंघनाचा दावा लावताच येत नाही. जाहिरातीवर कोटी ओता, तरी नाही. उपाय कलम ४९. मालक आणि परवानेदार, दोघांनी मिळून फॉर्म टीएम-यू भरायचा. सोबत करार आणि मालकाचं शपथपत्र: दोघांचं नातं काय, कोणता माल, किती मुदत, दर्जावर ताबा किती. ताब्याचा रकाना मोघम ठेवू नका. नमुने कोण तपासणार, नापास माल कोण अडवणार, ते लिहा. यातून ‘नोंदणीकृत वापरकर्ता’ झालात की कलम ५२ खाली स्वतःच्या नावाने दावा लावता येतो. मुख्य कार्यालय पुण्यात असेल तर पुण्यातच. वापर मात्र कलम ४८ प्रमाणे मालकाच्याच खात्यात जमा.

गोम अशी की कलम ५२ची सुरुवातच ‘करार असेल त्याला अधीन राहून’ अशी आहे. ‘कारवाईचा निर्णय फक्त मालकाचा’ हे वाक्य करारात असलं तर नोंदणी करूनही हात बांधलेले. सहीआधी ते खोडून घ्या, निदान ‘तीस दिवसांत मालक हलला नाही तर आम्ही’ एवढं तरी घाला. दाव्यात मालकाला प्रतिवादी करावं लागतं. त्याने रुसू नये, तो हजरच झाला नाही तर खर्च त्याच्यावर पडत नाही.