जमिनीतला ताण आणि आपली चिऱ्याची भिंत

श्रोतेहो, नमस्कार.

चिपळूण, अलोरे, पोफळी या भागात फडताळातली भांडी क्षणभर किणकिणली, की घरातली मोठी माणसे "कोयनेचा हादरा" एवढेच म्हणून पुन्हा कामाला लागतात. या सवयीची मला काळजी वाटते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, सव्वाचार वाजून गेल्यानंतर, कुंभार्ली घाटापलीकडे कोयनानगर भूकंपाच्या ज्या धक्क्याने उद्ध्वस्त झाले, तो रिश्टर मापनावर ६.३ इतका होता आणि त्यात सुमारे १८० माणसे दगावली.

अशा हादऱ्यांमागे जमिनीत साठलेला ताण असतो. हा ताण येतो कुठून? भारताचा भूखंड वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर या गतीने ईशान्येकडे सरकत हिमालयापलीकडच्या युरेशियाच्या भूखंडाला रेटतो आहे, आणि त्या रेट्याचा ताण सह्याद्रीच्या पोटातल्या जुन्या भेगांपर्यंत पोहोचतो. भेगेच्या दोन्ही बाजूंचे खडक घर्षणाने एकमेकांना धरून असतात; ताण त्या घर्षणाला भारी पडला, की ते एकाएकी घसरतात आणि साठलेली ऊर्जा लहरींच्या रूपाने चहूकडे धावते. कोयनेत याला आणखी एक कारण जोडले गेले. कोयना धरणाचा शिवसागर जलाशय १९६२ पासून भरू लागला आणि तेव्हापासून या भागात धक्क्यांचे प्रमाण वाढले. पाण्याचे वजन हे त्यातले एक अंग. पण त्याहून महत्त्वाचे असे, की भेगांत झिरपलेले पाणी खडकांमधली पकड सैल करते. ताण आधीचाच, जलाशय केवळ निमित्त. म्हणूनच पावसाळ्यानंतर पाण्याची पातळी चढलेली असताना तिथले धक्के अनेकदा वाढलेले दिसतात. वरचा काळा कातळ कितीही अभेद्य वाटला, तरी तो सुमारे एक किलोमीटरच जाड आहे, आणि हे धक्के त्याच्याखालच्या प्राचीन खडकात उगम पावतात. त्यांचा अभ्यास करण्यासाठी शास्त्रज्ञांनी तिथे तीन किलोमीटर खोल विवर खणले आहे.

आता नुकसानीकडे येतो, कारण माणसे बहुधा जमिनीच्या हलण्याने मरत नाहीत, घराखाली गाडली जाऊन मरतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीचे विसर्जन करून लोक नुकतेच झोपले असताना, किल्लारीला धक्का बसला आणि मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती, त्यांवरच्या मातीच्या जड छपरांसह, झोपलेल्यांवर कोसळल्या. सुमारे दहा हजार माणसे गेली. आपल्याकडची जुनी घरेही चिऱ्याची, पुष्कळदा मातीतच बांधलेली, आणि वर कौलांचा भार. चिरा दाब उत्तम सहन करतो, आडवा हिसका मात्र त्याला सोसत नाही. भिंतींचे कोपरे एकमेकांत नीट गुंफलेले नसले, तर प्रथम तिथेच फट पडते आणि भिंत बाहेर कलते. दाराखिडक्यांच्या वर चारही भिंतींना धरून ठेवणारा सिमेंट-लोखंडाचा सलग पट्टा असला, तर घर एकसंध हलते. नवे घर बांधताना हा पट्टा गवंड्याकडून आग्रहाने घालून घ्या.

शहरांत प्रश्न निराळा आहे. खाली नुसते खांब ठेवून वाहनांना जागा दिलेल्या इमारतींत तळमजला कमकुवत राहतो. २००१ साली भूजपासून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादेत अशा इमारती पडल्या. खाडीकाठच्या भरावावर तर हादरा आणखी वाढतो. समुद्रही अलिप्त राहत नाही: नोव्हेंबर १९४५ मध्ये आजच्या पाकिस्तानातल्या मकरानच्या किनाऱ्याजवळ झालेल्या भूकंपाची त्सुनामी मुंबईपर्यंत पोहोचली होती.

वैशाखात कौले परतण्यासाठी माणूस छपरावर चढेल, तेव्हा त्याला वासे आणि आढे भिंतीशी पक्के जखडलेले आहेत का, तेही पाहायला सांगा. धक्का सुरू झाला, तर दाराकडे पळू नका, कारण पागोळीखाली कौले कोसळतात. भक्कम टेबलाखाली बसून डोके झाका. हादरे थांबल्यावर गॅस बंद करून अंगणात या, आणि गडग्यापासून व माडांपासून दूर, मोकळ्या जागी उभे राहा.