नव्या घरात जुनी चटई

श्रोतेहो, नमस्कार. घर बदलताना सामानाची यादी होते, खोक्यांवर नावे पडतात, कपाट कोणत्या भिंतीला लावायचे हेही ठरते. परंतु घरातल्या कुत्र्याचा किंवा मांजराचा विचार बहुधा गाडी दाराशी लागल्यावरच सुरू होतो. तो आधी सुरू व्हावा, अशी माझी आपल्याला कळकळीची विनंती आहे. प्राणी आपले घर ओळखतो ते मुख्यतः नाकाने आणि पायांनी. हे वाक्य मी पुढे पुन्हा उच्चारणार आहे, कारण त्याचा खरा अर्थ मला आमच्या ताईच्या बंड्यामुळे उमगला.

बंड्या हा ताईकडचा तपकिरी रंगाचा, भरल्या अंगाचा, उतारवयातला कुत्रा. जुन्या घरात ताईने ताटली वाजवली की तो बैठकीतून उठायचा, टेबलाला वळसा घालून, उंबरा ओलांडून नेमका आपल्या भांड्यापाशी येऊन उभा राहायचा, आणि वाटेत कशालाही त्याचे अंग घासत नसे. नव्या घरात पाऊल ठेवले आणि तोच बंड्या दाराच्या चौकटींवर आदळू लागला. पाण्याचे भांडे बाजूला असताना तो भिंतीकडे तोंड करून उभा राही, आणि जिन्याजवळ गेला की पुढचा एक पाय अधांतरी धरून थरथरत असे. त्याला जुन्या घराची आठवण येते आहे, म्हणून तो रुसला आहे, अशी सर्वांची समजूत झाली. मुलांनी त्याला गोंजारले, ताईने त्याच्या आवडीचे खाणे पुढे केले. पण कपाळावर खोक पडली, तेव्हा मात्र त्याला पशुवैद्यांकडे न्यावे लागले.

त्या वेळी मी ताईसोबत होतो. डॉक्टरांनी खोक बाजूला ठेवली आणि कापसाचा एक लहानसा बोळा चिमटीत धरून बंड्याच्या तोंडासमोर वरून खाली सोडला. कापूस पडताना आवाज होत नाही. ज्याला दिसते, तो कुत्रा त्याच्यामागे नजर फिरवतो. बंड्याची मान हलली नाही. त्यांनी दुसऱ्या बाजूने बोळा सोडला, तरीही हलली नाही. मग त्यांनी किल्ल्यांचा जुडगा किंचित वाजवला, त्याबरोबर त्याचे दोन्ही कान ताठ झाले. विजेरीच्या झोतातही त्याच्या डोळ्यांतल्या बाहुल्या मोठ्याच राहिल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, “ताई, याला दिसत नाही, आणि हे आजकालचे नाही.” डोळ्याचा आतला पडदा हळूहळू निकामी होत जाण्याचा एक आनुवंशिक विकार काही कुत्र्यांना असतो, त्यात आधी अंधारातली दृष्टी जाते, नंतर उजेडातली, आणि दुखत नसल्यामुळे घरच्यांना पत्ता लागत नाही. रात्री फाटकापाशी तो अडून का बसत असे, याचा उलगडा ताईला त्या क्षणी झाला.

जुने घर बंड्याला तोंडपाठ होते, म्हणून त्याचे आंधळेपण कोणालाही कळले नव्हते. डॉक्टरांनी लगेच विचारले, “त्याची झोपायची चटई धुतलीत का?” ताई म्हणाली, “आज धुणार होते.” ते म्हणाले, “आता महिनाभर धुऊ नका.” ती कळकट चटई एका कोपऱ्यात अंथरली आणि पाण्याचे भांडे तिच्यापासून थोड्या अंतरावर कायमचे ठेवले. जिन्याच्या तोंडाशी आडवे फाटक बसवले आणि त्याच्या अलीकडे काथ्याचे खरखरीत पायपुसणे टाकले, म्हणजे पायाला टोचले की थांबायचे, हे त्याला कळावे. ताई त्याला पट्टा लावून चटईपासून भांड्यापर्यंत आणि भांड्यापासून दारापर्यंत भिंतीच्या कडेने रोज फिरवत असे. पुढे मी गेलो तेव्हा बंड्या माझा आवाज ऐकून सरळ चालत आला आणि पायपुसण्यावर पंजा पडताच जागच्या जागी थांबला.

म्हणून पुन्हा सांगतो, प्राणी घर ओळखतो ते नाकाने आणि पायांनी. डोळस प्राण्यालाही हेच लागू आहे. त्याचे अंथरूण धुऊन, नवे घर उग्र वासाच्या द्रवांनी पुसून आपण त्याची ओळखीची प्रत्येक खूण नाहीशी करतो. गुळगुळीत, चकचकीत फरशीचा जो सोस सर्वत्र वाढला आहे, तो मला मुळीच पसंत नाही. तिच्यावर म्हाताऱ्या कुत्र्याचे मागचे पाय घसरतात, आणि म्हाताऱ्या माणसांचेही घसरतात, तरी शोभेपायी ती घातली जाते. निदान कुत्र्याच्या नेहमीच्या वाटेवर न सरकणारे जाजम अंथरावे.

मांजराला पहिले काही दिवस एकच खोली द्यावी. तिच्यात त्याचे अंथरूण, पाणी, लपायला खोके आणि या सर्वांपासून दूर, शी-शूसाठी माती भरलेले तसराळे असावे. मांजर खुर्चीच्या पायाला गाल घासू लागले की आपला वास लावून जागा आपलीशी करते आहे, असे समजावे आणि मग पुढच्या खोलीचे दार उघडावे. बाहेर मात्र दोन-तीन आठवडे सोडू नये, कारण ते जुन्या घराच्या शोधात निघते.

खिडक्यांना आणि गच्चीला जाळी आधी, मांजर नंतर. न्यूयॉर्कमधल्या पशुवैद्यांनी १९८७ साली उंचावरून पडलेल्या १३२ मांजरांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांतली सुमारे ९० टक्के वाचली, म्हणून लोक निर्धास्त राहतात. परंतु ही उपचारासाठी आणलेली मांजरे होती. जागीच मेलेली त्या हिशेबात नाहीत, आणि आणलेल्यांपैकी बहुतेकांच्या छातीला जबर मार होता. जाळी आधी, मांजर नंतर.

पूर्वीच्या रहिवाशांनी कपाटामागे उंदराचे औषध ठेवलेले नाही ना, हे स्वतः वाकून पाहावे. त्यातल्या काही औषधांनी रक्त गोठण्याचे थांबते आणि लक्षणे काही दिवसांनी दिसतात, म्हणून प्राण्याने ते खाल्ल्याची शंका येताच वेष्टनासह डॉक्टर गाठावे. लिलीची फुले मांजराच्या घरात आणूच नयेत, कारण तिच्या परागांनीही मांजराची मूत्रपिंडे निकामी होतात. पिंजऱ्यातला पक्षी असेल, तर तो स्वयंपाकघरापासून दूर ठेवावा, कारण नॉनस्टिक भांडे अति तापले की त्याची वाफ पक्ष्यांना मारक ठरते.

प्राण्याला मायक्रोचिप, म्हणजे कातडीखाली बसवायची ओळखीची बारीक चिप, बसवलेली असेल, तर तिच्यात आपला पत्ता नसतो, केवळ क्रमांक असतो, जो सहसा १५ अंकी असतो. पत्ता आणि फोन असतात ते नोंदणीच्या दप्तरात. ही नोंद सामान हलवण्यापूर्वीच बदलून घ्यावी, कारण दारे सताड उघडी असतात त्या दिवशीच प्राणी निसटण्याचा धोका सर्वाधिक असतो.