दोन व्हीसीआर आणि एक स्टॉपवॉच

श्रोतेहो, नमस्कार.

१९७५ साली अमेरिकेत कॅन्डी फॉन्ग या स्त्रीने ‘स्टार ट्रेक’ या दूरचित्रवाणी मालिकेच्या चाहत्यांसमोर एक आगळा खेळ केला. मालिकेच्या संकलनात वगळलेल्या फिल्मच्या तुकड्यांच्या स्लाइड करून, दोन प्रोजेक्टर मांडून, कॅसेटवर चाललेल्या गाण्याच्या ओळींबरोबर ती चित्रे बदलत गेली. आवडत्या मालिकेतली दृश्ये गाण्यावर नव्याने जुळवून तिच्याविषयीचे आपले म्हणणे मांडायचे, ही कला पुढे ‘व्हिडिंग’ या नावाने ओळखली गेली आणि ती प्रामुख्याने स्त्रियांनी घडवली.

ऐंशीच्या दशकात या स्त्रियांनी दोन व्हीसीआर, म्हणजे चित्रफिती दाखवणारी आणि भरणारी यंत्रे, एकमेकांना जोडून काम सुरू केले. ज्यांनी ही यंत्रे हाताळली आहेत, त्यांना आठवत असेल की रेकॉर्डिंग थांबवले की यंत्र फीत काही सेकंद मागे ओढत असे. शिवाय गाणे बहुधा सर्व दृश्ये जोडून झाल्यावरच फितीवर भरता येई. त्यामुळे आधी गाण्याची एकेक ओळ स्टॉपवॉचने मोजायची, तेवढ्याच लांबीचे दृश्य शोधायचे आणि यंत्राची ती मागे सरकण्याची खोड हिशेबात धरून नेमक्या क्षणी बटण दाबायचे, असा हा उद्योग असे. संकलनाचे असे कसब घरच्या दिवाणखान्यात, एकमेकींना शिकवत कमावलेले होते, आणि त्याला नुसती हौस म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

या फिती चाहत्यांच्या संमेलनांत दाखवल्या जात आणि टपालाने मैत्रिणींकडे जात. प्रतीवरून प्रत काढताना चित्र दर वेळी फिके होई. स्वामित्वहक्काच्या भीतीने अनेकींनी खरे नाव झाकून ठेवले. त्या गुप्ततेने त्यांना सांभाळले खरे, पण २००५ नंतर यूट्यूब आल्यावर असे व्हिडिओ तिथेच जन्मले, असा समज पसरायला वाव मिळाला.

संगणकाच्या काळातही हे काम सुरक्षित राहिले नाही. आयमीम या संकेतस्थळाने २००९ साली सदस्यांचे व्हिडिओ काढून टाकले, तर ब्लिप हे व्हिडिओंचे संकेतस्थळ २०१५ साली बंद पडले. दरम्यान २००७ साली चाहत्यांनीच ‘ऑर्गनायझेशन फॉर ट्रान्सफॉर्मेटिव्ह वर्क्स’ ही संस्था स्थापन केली. २०१० साली अमेरिकेत अव्यावसायिक व्हिडिओंसाठी डीव्हीडीचे कुलूप, म्हणजे तिची नक्कल रोखणारी तांत्रिक अडवणूक, उघडण्याची मर्यादित कायदेशीर सवलत मिळाली, त्यामागे या संस्थेचेही प्रयत्न होते. अभ्यासक फ्रान्सेस्का कोपा यांनी या कलेचा इतिहास लिहिला, तो २०२२ साली प्रसिद्ध झाला.

जतन करणाऱ्यांनी मात्र फितीवरच थांबू नये, असे मला कळकळीने वाटते. मालिका ठाऊक असलेल्या मैत्रिणींसाठी केलेल्या चित्रफितीतली एक नजर परक्याला नुसती नजर दिसते; जाणकारांना तिच्यात अख्खा युक्तिवाद दिसतो. जी कलाकृती एका खोलीतल्या ओळखीच्या प्रेक्षकांसाठी केली होती, ती जगासमोर ठेवायची की नाही आणि खरे नाव द्यायचे की टोपणनाव, हे ठरवण्याचा अधिकारही निर्मातीचाच आहे. व्हीसीआर बनवणारी शेवटची म्हणून ओळखली जाणारी फुनाई या जपानी कंपनीनेही २०१६ साली ते बनवणे थांबवले, तेव्हा आता फितीबरोबर चालू स्थितीतले यंत्रही शोधावे लागते, आणि ते मिळाले की, निर्माती हयात आहे तोवर, तिला शेजारी बसवून विचारावे लागते, “या ओळीवर तुम्ही हाच चेहरा का घेतलात?”