परदेशात वन्यजीवांसाठी काम करायला जाताय? मग आधी हे तपासा

श्रोतेहो, नमस्कार.

परीक्षा संपलेली असते, नोकरीला अवकाश असतो, किंवा नोकरीतून निवृत्त होऊन हाती वेळ आलेला असतो. अशा वेळी वाटतं की दोन-चार आठवडे परदेशात जावं आणि प्राण्यांसाठी काही करावं. शोधायला बसलं की शेकडो संस्था दिसतात. राहण्या-जेवण्याचे पैसे आपणच भरायचे आणि काम फुकट करायचं, ही त्यांची पद्धत. त्यात गैर काही नाही. संशोधनाला पैसा लागतो आणि हातही लागतात. पण या शेकडो संस्थांत काही अशा आहेत की तिथे तुमच्या पैशानं प्राणी वाचत नाही, उलट त्याचा धंदा चालतो. बाहेरून पाहिलं तर दोन्हींचे फोटो सारखेच दिसतात. म्हणून कोणत्याही संस्थेला पैसे पाठवण्याआधी दोन प्रश्न विचारा. हा प्राणी इथे कुठून आला? आणि दोन वर्षांनी तो कुठे असेल?

हे प्रश्न का विचारायचे, ते दक्षिण आफ्रिकेतल्या सिंहांवरून समजतं. तिथे तीनशेहून अधिक ठिकाणी मिळून सुमारे 8,000 सिंह कुंपणाआड पाळलेले आहेत. त्यांतल्या कित्येक ठिकाणी स्वयंसेवकांना बोलावून सिंहाच्या पिल्लांना बाटलीनं दूध पाजायला देतात. पिल्लाची आई मेली, किंवा तिनं त्याला टाकलं, असं सांगतात. आता हिशोब करा. जंगलातली सिंहीण साधारण दोन वर्षांतून एकदा विते, कारण पिल्लं तेवढा काळ तिच्याबरोबर असतात. पिल्लं जन्मल्यावर काही दिवसांतच काढून घेतली, तर ती लवकरच पुन्हा माजावर येते. म्हणजे पिल्लं काढून घेणं हाच पैदास वाढवण्याचा मार्ग. एखाद्या ठिकाणी जानेवारीतही दुधावरची पिल्लं, जूनमध्येही आणि ऑक्टोबरमध्येही असतील, तर ती अनाथ असूच शकत नाहीत. संस्थेचे वर्षभराचे फोटो तारखेनुसार लावून पाहिलेत, तर हे घरबसल्या कळतं.

पिल्लू पाच-सहा महिन्यांचं झालं की कुशीत घ्यायच्या कामाचं राहत नाही. मग पर्यटकांना त्याच्याबरोबर फिरायला नेतात. त्याहून मोठा झालेला सिंह माणसाला भीत नाही, त्याला शिकार येत नाही आणि जंगलातला कळप त्याला जवळ करत नाही. त्याला जंगलात सोडणार, असं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. यांतले अनेक सिंह कुंपणाच्या आत पैसे मोजून गोळी घालणाऱ्या शिकाऱ्यांना विकले गेले आहेत, आणि हाडं आग्नेय आशियात गेली आहेत. 2017 साली सरकारनं 800 सांगाड्यांच्या निर्यातीला परवानगी दिली होती. 2017 आणि 2018 चे हे कोटे तिथल्या उच्च न्यायालयानं 2019 मध्ये बेकायदा ठरवले. 2021 मध्ये हा सगळाच व्यवसाय बंद करण्याचं धोरण जाहीर झालं, पण अंमलबजावणी संथ आहे. आपण प्रेमानं दूध पाजलेलं पिल्लू या साखळीची पहिली कडी असतं, हे तिथे जाणाऱ्या बहुतेक मुलांना ठाऊकच नसतं. दोष त्यांचा नाही. त्यांच्यापासून ते लपवलेलं असतं.

आता खरं काम कसं असतं ते पाहू. मध्य अमेरिकेत कोस्टारिकाच्या कॅरिबियन किनाऱ्यावर तोर्तुगेरो नावाचं गाव आहे. आर्ची कार या शास्त्रज्ञानं 1950 च्या दशकात तिथे हिरव्या समुद्री कासवांचा अभ्यास सुरू केला. त्यातून 1959 मध्ये उभी राहिलेली संस्था आज सी टर्टल कन्झर्व्हन्सी या नावानं काम करते. हिरव्या कासवांचा अंडी घालण्याचा हंगाम जून ते ऑक्टोबर, आणि मोठ्या लेदरबॅक कासवांचा त्याआधी, मार्च ते जून.

काम रात्रीचं. एक तुकडी संध्याकाळी निघते, दुसरी मध्यरात्री. मऊ वाळूत चार-पाच तास चालायचं, तेही अंधारात. कपडे गडद रंगाचे, पायांत बंद बूट, मोबाइल खोलीवर. टॉर्च लाल प्रकाशाचा आणि तोही गटप्रमुखाच्या सांगण्यावरून लावायचा. कासव पाण्यातून वर येत असताना पांढरा प्रकाश किंवा हालचाल दिसली तर ते अंडी न घालताच परत फिरतं. म्हणून वाळूवर माग दिसला की थांबायचं. ते अंगाएवढा खळगा करतं, मग मागच्या वल्ह्यांनी खाली चंबूसारखा खड्डा खणतं. अंडी पडू लागली की ते सहसा विचलित होत नाही, तेव्हा मागून जवळ जायचं.

एकजण हातमोजे घालून कासवाच्या मागे पालथा पडतो आणि अंडी मोजतो. हातात मोजणीचं छोटं यंत्र असतं, अंडं पडलं की बटण दाबायचं. एका घरट्यात शंभर ते सव्वाशे अंडी. गप्पा मारल्या की आकडा चुकतो आणि पुढचं सगळं गणित बिघडतं. अंडी घालून झाली की पुढच्या दोन्ही वल्ह्यांवर धातूची खूण आहे का पाहतात. नसेल तर प्रशिक्षित माणूस ती लावतो, आणि जुनी असेल तर क्रमांक दोनदा वाचून लिहायचा. मग लवचीक टेपनं पाठीची लांबी घेतात.

यातलं सर्वांत नाजूक काम म्हणजे घरट्याची जागा नोंदवणं. दोन महिन्यांनी पिल्लं येतील तोवर लाटांनी आणि वाऱ्यानं वाळूवरची प्रत्येक खूण गेलेली असते. घरट्यात काठी रोवली तर अंडीचोराला पत्ता मिळतो. म्हणून मागच्या झाडीत तीन वेगवेगळ्या जागी रंगीत फिती बांधतात आणि प्रत्येक फितीपासून अंड्यांच्या खड्ड्याच्या तोंडापर्यंतचं अंतर टेपनं मोजतात. तीनांपैकी एक फीत गळून पडली तरी उरलेल्या दोन टेपा ताणल्या की जिथे मिळतात तिथे घरटं. टेप सैल धरली, किंवा शून्याच्या ऐवजी दहाच्या खुणेवर धरली, की दोन महिन्यांनी भलतीकडेच खणावं लागतं. पिल्लं निघून गेल्यावर तेच घरटं उकरून रिकामी टरफलं, न उबलेली अंडी आणि मेलेली पिल्लं वेगवेगळी मोजायची. वास भयंकर येतो. पण किती टक्के अंडी उबली हे कळण्याचा दुसरा मार्ग नाही.

काही किनाऱ्यांवर चोरी किंवा भरती यांच्या भीतीनं अंडी काढून कुंपणातल्या हॅचरीत पुरावी लागतात. इथे चांगली आणि वाईट संस्था चटकन ओळखू येते. अंडी घातल्यापासून पहिल्या काही तासांतच हलवायला हवीत. नंतर गर्भ कवचाच्या आतल्या बाजूला चिकटतो, आणि मग अंडं फिरलं तर तो मरतो. नवा खड्डा जुन्याच्याच खोलीचा आणि आकाराचा लागतो. वाळूचं तापमान 29 अंशांच्या आसपास असेल तर नर-मादी साधारण सारखे निघतात. त्याहून गरम झालं की माद्याच माद्या, आणि फारच तापलं तर अंडी मरतात. म्हणून जाणकार संस्था तापमान नोंदवते आणि गरज पडली तर वर सावलीची जाळी बांधते. तापमानाची वही दाखवा म्हटल्यावर समोरचा गोंधळला, तर तिथे कुंपण आहे, शास्त्र नाही.

पिल्लांचंही तसंच. ती शक्यतो रात्री बाहेर येतात आणि अंगातल्या उरलेल्या बलकाच्या जोरावर पहिले काही दिवस पोहत खोल पाण्यात जातात. पाहुण्यांना दुपारी सोडता यावीत म्हणून त्यांना टबात ठेवलं, तर हे बळ टबातच संपतं. वर ऊन आणि पक्षी असतातच. चांगल्या ठिकाणी पिल्लं पाण्यापासून काही मीटर वर वाळूत ठेवतात, ती स्वतः चालत जातात, आणि माणसं दोरीच्या मागे उभी राहतात. पैसे घेऊन तुमच्या तळहातावर पिल्लू ठेवलं जात असेल, तर तिथे दुसऱ्यांदा जाऊ नका.

हात न लावता करायच्या कामाचं आणखी एक उदाहरण म्हणजे किर्गिझस्तानातल्या तिएन शान पर्वतातली हिमबिबट्याची पाहणी. बायोस्फिअर एक्स्पिडिशन्ससारखी संस्था अशा मोहिमा काढते. पंधरवडाभर डोंगर चढून हिमबिबट्या दिसत नाही, हे जाण्याआधीच मान्य करायचं. शोधायची ती त्याची विष्ठा, पायांचे ठसे आणि दगडाखाली मागच्या पायांनी ओढलेले चरे. कॅमेरा ट्रॅप, म्हणजे समोर हालचाल झाली की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा, गुडघ्याच्या उंचीवर, वाटेला थोडा तिरपा लावायचा. तोंड पूर्वेला किंवा पश्चिमेला केलं तर सूर्य थेट भिंगात येतो. समोरचं गवत कापलं नाही तर वाऱ्यानं हलणाऱ्या काड्यांचे हजारो फोटो निघतात आणि बॅटरी संपते. तारीख-वेळ लावायला विसरलात तर फोटो असूनही नोंद वाया जाते.

वानरकुळाबद्दल थोडक्यात. चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान यांना आपली सर्दी होते, आणि ती त्यांच्या जिवावर बेतू शकते. कोविडनंतर तज्ज्ञांनी त्यांच्यापासून 10 मीटर अंतर सुचवलं आहे. ओरांगउटानचं पिल्लू आईजवळ सहा-सात वर्षं शिकतं. दर पंधरा दिवसांनी बदलणाऱ्या पाहुण्यांच्या कडेवर ते काहीच शिकत नाही. ब्रिटनमधली ओरांगउटान फाउंडेशन बोर्निओत पाठवायच्या स्वयंसेवकांना स्पष्ट सांगत आली आहे की ओरांगउटानशी संपर्क येणार नाही, काम बांधकामाचं आहे. असं सांगणारी संस्था निवडा.

थायलंडमधल्या हत्तींच्या बाबतीत 'अभयारण्य' ही पाटी पुरेशी नाही. वेळापत्रकात हत्तीची अंघोळ असेल, तर रोज ठरलेल्या वेळी परक्या माणसांत उभं राहायला त्याला भाग पाडलं जातं, हे उघड आहे. जानेवारी 2025 मध्ये तिथे हत्तीला अंघोळ घालताना एका स्पॅनिश विद्यार्थिनीचा मृत्यू झाला. हत्तीला दिवसाला दीडशे किलोच्या आसपास चारा लागतो. तो कापणं, वाहणं आणि लीद उचलणं, एवढं काम स्वयंसेवकाला पुरून उरतं.

संस्थेला ईमेल करताना काय विचारायचं? वनखात्याचा किंवा सरकारचा परवाना कोणत्या नावानं आहे. मागच्या दोन वर्षांचे अहवाल कुठे वाचायला मिळतील. माझ्या पैशातला किती हिस्सा त्या गावात खर्च होतो आणि किती मध्यस्थाकडे राहतो. पगारी स्थानिक माणसं किती आहेत, आणि मी करणार असलेलं काम आधी कोणी पगारावर करत होतं का. हा शेवटचा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही, पण गावाच्या दृष्टीनं तोच महत्त्वाचा. बचाव केंद्र असेल तर ग्लोबल फेडरेशन ऑफ ॲनिमल सँक्च्युअरीज या 2007 पासूनच्या संस्थेची मान्यता आहे का पाहा. पैदास, विक्री आणि पाहुण्यांचा थेट स्पर्श चालणाऱ्या ठिकाणांना ती मिळत नाही. संशोधनाला हातभार लावायचा असेल तर अर्थवॉच ही 1971 पासूनची संस्था शास्त्रज्ञांच्या चालू प्रकल्पांवर माणसं पाठवते. आणि तुमची तब्येत, लसी, आधीचा अनुभव यांबद्दल एक शब्दही न विचारता फक्त कार्डाचा नंबर मागणाऱ्या संस्थेपासून लांब राहा.

कागदपत्रांत दोन ठिकाणी लोक अडकतात. पहिलं म्हणजे व्हिसा. बिनपगारी कामही अनेक देशांत काम धरलं जातं, त्यामुळे पर्यटक व्हिसा चालतो का, हे वकिलातीकडून लेखी विचारून घ्या. दुसरं पिवळ्या तापाची लस. केनिया, युगांडा, घाना, ब्राझील, पेरू अशा देशांतून भारतात परतताना तिचं प्रमाणपत्र लागतं. ते नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस अधिकृत केंद्रातच घ्यावी लागते आणि प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं. विमान वाटेत कुठे थांबतं तेही पाहा. प्राण्यांजवळ काम असेल तर रेबीजची आगाऊ लस डॉक्टरांना विचारून घ्या. विम्यात दुर्गम भागातून रुग्णालयात हलवण्याचा खर्च धरलेला आहे का, ते कलम वाचूनच सही करा.

एवढा खर्च करण्याआधी हे काम आपल्याला झेपतं का, ते कोकणात पाहता येतं. रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यातल्या वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं 2002 पासून गावकऱ्यांबरोबर ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. पाहुणे गावातल्या घरांतच राहतात, म्हणजे पैसा गावात राहतो. गोव्यात मोरजी, आगोंद आणि गालजीबाग इथेही हीच कासवं येतात. साधारण फेब्रुवारी ते एप्रिल या काळात पिल्लं निघतात, पण नक्की दिवस कोणी सांगू शकत नाही. म्हणून निघण्याआधी गावात फोन करून घरटी कोणत्या तारखांच्या सुमारास उबणार आहेत ते विचारा, आणि हाताशी किमान दोन रात्री ठेवा.