हिंगणघाटला थांबलेला मोजणीदार

नमस्कार श्रोतेहो.

कापसाच्या बाजारपेठेसाठी ठाऊक असलेल्या हिंगणघाटला एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्याची कबर आहे. त्याचं नाव विल्यम लॅम्ब्टन. हिंदुस्थानच्या जमिनीच्या मोजणीचं ठाणं हैदराबादहून नागपूरला हलवत असताना, २० जानेवारी १८२३ रोजी, तो इथं वारला. एव्हरेस्टचं नाव शिखराला मिळालं, ते शाळकरी पोरांनाही पाठ असतं. पण ज्या मोजणीतून पुढं त्या शिखराची उंची निघाली, ती सुरू केली या माणसानं.

मूळचा तो ३३ व्या पायदळ पलटणीतला. अमेरिकेच्या युद्धात १७८१ साली यॉर्कटाउनला कैद झाला. सुटल्यावर कॅनडात वसाहतवाल्यांच्या जमिनीच्या हद्दी आखणं, पुढं बराकींची व्यवस्था पाहणं, अशी कितीतरी वर्षं गेली. तिथंच गणित पक्कं केलं आणि सूर्यग्रहण बघताना एक डोळाही अधू करून घेतला. १७९९ च्या श्रीरंगपट्टणच्या मोहिमेत एका रात्री ताऱ्यांवरून त्याच्या लक्षात आलं, की आपली तुकडी वाट चुकून टिपूच्या तळाकडेच निघाली आहे. लढाई संपल्यावर त्यानं मद्रास सरकारपुढं प्रस्ताव ठेवला: पूर्व किनाऱ्यापासून पश्चिम किनाऱ्यापर्यंत त्रिकोणांची माळ टाकायची.

या कामाचं सूत्र सोपं आहे. त्रिकोणाची एक बाजू आणि कोन कळले, की उरलेल्या बाजू गणितानं निघतात. निघालेली बाजू पुढच्या त्रिकोणाचा पाया होते. म्हणजे जमिनीवर प्रत्यक्ष मोजायची ती एकच रेषा, तिला पायारेषा म्हणतात. पण तिच्यात चूक राहिली, तर ती प्रत्येक त्रिकोणाबरोबर पुढं जाते. साडेसात मैलांच्या रेषेत एका फुटाची चूक असेल, तर ३६० मैलांवर ती ४८ फूट होते.

म्हणून मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटच्या पायथ्याची साडेसात मैलांची पायारेषा मोजायला १० एप्रिल ते २२ मे १८०२, असे सहा आठवडे लागले. साखळी पोलादी, १०० फुटांची, अडीच फुटांचे ४० दांडे बिजागरीनं जोडलेली. तीही फिरून आलेली: चीनच्या बादशहाला नजराणा म्हणून नेली होती, त्यानं ती ठेवली नाही, मग कलकत्त्याला आली. ती जमिनीवर टाकून चालत नाही, कारण खडे आणि उंचवटे लांबी वाढवतात. हवेत ताणली तर पोटात झोळ पडतो. म्हणून तिवयांवर लाकडी पन्हळी ठेवायच्या, त्या एका पातळीत आणायच्या, साखळी त्यात निजवायची आणि ताण दर वेळी सारखाच द्यायचा. असं ४०० वेळा.

खरा शत्रू ऊन. तापमान एक अंश सेल्सिअसनं वाढलं, की १०० फूट पोलाद सुमारे एक तृतीयांश मिलिमीटर लांबतं. एवढ्यानं काय होतं, असं वाटेल. पण तापमान दहा अंशांनी चुकीचं धरलं, तर साडेसात मैलांत जवळजवळ दीड मीटरचा घोटाळा. म्हणून साखळीवर सावली धरायची, शेजारी थर्मामीटर ठेवायचे आणि प्रत्येक मापाला तापमान नोंदवून नंतर दुरुस्ती करायची.

कोन मोजायला थिओडोलाइट लागतो. लॅम्ब्टनचा थिओडोलाइट तीन फूट व्यासाच्या पितळी चक्राचा, वजन अर्ध्या टनाच्या घरात. इंग्लंडहून येतानाच तो फ्रेंचांनी पकडून मॉरिशसला नेला आणि मग सभ्यपणे मद्रासला पाठवून दिला. त्रिकोणाचे तिन्ही कोन मोजायचे, दोन मोजून तिसरा वजाबाकीनं काढायचा नाही. बेरीज जमते का, ही हातातली एकमेव चाचणी. आणि ती बेरीज १८० अंश आली, तरी समाधान मानायचं नाही! पृथ्वी गोल असल्यामुळं ३० मैल बाजूंच्या त्रिकोणात बेरीज पाचेक सेकंदांनी जास्तच यायला हवी. सेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग.

हवेचं दुखणं वेगळं. भर दुपारी तापलेल्या हवेत लांबचं निशाण नाचतं, धुरळ्यात दिसतही नाही. पावसानं हवा धुतली की साठ-साठ मैल स्वच्छ. म्हणून पावसाळ्यात काम करायचं, आणि पावसाळ्यात रानात तापाची साथ. मदतनीस जॉर्ज एव्हरेस्ट पहिल्याच मोहिमेत तापानं आडवा झाला.

सपाट मुलखात टेकड्या नाहीत, तिथं देवळांची शिखरं कामी आली. १८०८ मध्ये तंजावरला, म्हणजे आपल्या सरफोजी राजे भोसल्यांच्या राजधानीत, थिओडोलाइट मोठ्या मंदिराच्या शिखरावर चढवताना दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आपटलं. चक्र वाकडं झालं, म्हणजे अंशांच्या खुणांना काही अर्थच उरला नाही. दुसरा कुणी इंग्लंडला पत्र पाठवून वाट बघत बसला असता. लॅम्ब्टननं तोफखान्याचे कारागीर घेतले, तंबूत शिरला आणि सहा आठवडे बाहेरची माणसं आत येऊ दिली नाहीत. सपाट फळीवर मूळ मापाचं वर्तुळ कोरलं, चक्र त्यात बसवलं आणि पाचरी, स्क्रू, कप्प्या लावून थोडंथोडं ओढत मूळ आकाराला आणलं. वाकलेले आरे लाकडी हातोड्यांनी सरळ केले. त्याच यंत्रानं पुढं काम चाललं.

हिशेब जमतो का, हे तपासायला वाटेत पुन्हा एखादी रेषा साखळीनं मोजायची. १८०४ मध्ये बंगळूरजवळ अशी रेषा मोजली, तेव्हा मद्रासहून गणितानं आलेल्या लांबीत आणि साखळीच्या मापात चार इंचांहून कमी फरक निघाला. दोन्ही किनाऱ्यांमधलं अंतर जुन्या नकाशांत ४०० मैल होतं, ते ३६० भरलं.

मग दक्षिणोत्तर माळ, ७८ अंश रेखांशाच्या आसपास, कन्याकुमारीपासून वर. १८१५ पर्यंत ती बिदरजवळ पोचली होती. त्यापुढची पायारेषा एलिचपूरजवळ, म्हणजे आजच्या अचलपूरजवळ, टाकळखेड्याला मोजली गेली.