सत्तर झाले, आता चार दिवस सुट्टी

क्रिकेटचं शिबिर आणि हा बाबा बेसबॉल काय घेऊन बसला, असं मागे कोणीतरी पुटपुटलं, ऐकलं मी. सांगतो ना, जरा दम धरा.

२०१४ चा उन्हाळा. अमेरिकेत फिलाडेल्फियाची टेनी ड्रॅगन्स ही पोरांची हौशी टीम, टेनी हे तेव्हा तिथल्या एका रस्त्याचं नाव होतं. बारा-तेरा वर्षांची पोरं आणि त्यांच्यात एक मुलगी, मोने डेव्हिस. ही सात वर्षांची असताना मैदानात तो त्यांचा अंड्यासारखा फुटबॉल सहज फेकत होती, तेव्हा एका कोचने तिचा हात हेरला. २०१४ पर्यंत ती ताशी ७० मैलांनी, म्हणजे साधारण ११२ किलोमीटरने बेसबॉल टाकायला लागली होती. एवढं काय त्यात, असं वाटेल, पण लिटल लीगमध्ये, म्हणजे पोरांच्या बेसबॉलमध्ये, पिचर, म्हणजे त्यांचा बॉलर, बॅट्समनपासून ४६ फुटांवर उभा असतो आणि आपलं पिच स्टंप ते स्टंप ६६ फूट, म्हणजे समोरच्या पोराला किती वेळ मिळत असेल ते बघा!

तर ही टीम जिंकत जिंकत विल्यमस्पोर्टला पोचली, लिटल लीग वर्ल्ड सिरीजला, म्हणजे पोरांच्या बेसबॉलच्या वर्ल्ड कपलाच म्हणा. तिथलं मैदान भारी आहे, तिकीट नाही, बाजूला हिरवी टेकडी आणि त्या टेकडीवरून पोरं पुठ्ठ्यावर बसून घसरत खाली येतात, मॅच चालू असतानाच! १५ ऑगस्टला, शुक्रवारी, नॅशव्हिलविरुद्ध मोनेने पूर्ण सहा इनिंग, म्हणजे अख्खी मॅच टाकली, समोरच्यांना फक्त दोन हिट, आठ स्ट्राइकआउट म्हणजे तिने थेट बाद केलेले आठ, आणि एकही रन नाही. ४-० ने जिंकले. त्या स्पर्धेत शटआउट, म्हणजे समोरच्यांना शून्यावर ठेवून अख्खी मॅच, टाकणारी पहिली मुलगी.

आता गंमत ऐका. तिचे बॉल मोजले तर ७०. त्या वयाला एका दिवसात जास्तीत जास्त ८५, आणि ६६ किंवा त्यावर गेलं की चार दिवस पिचिंग बंद, हा नियम. मग रविवारी टेक्सासशी मॅच, सगळा देश टीव्हीला चिकटलेला, तरी तिला पिचिंग नाही म्हणजे नाही. टीम जिंकली बरं का, ७-६, अगदी शेवटच्या क्षणी. बुधवारी तिला बॉल मिळाला, ३४ हजारांवर पब्लिक, आणि लास वेगासने ८-१ ने धुतलं. बुधवारी टाकलं म्हणून गुरुवारी शिकागोविरुद्ध पुन्हा बंद, ६-५ ने हरले, खेळ खल्लास. एका रनसाठी कोणी म्हटलं नाही की टाकू द्या हो पोरीला दोन ओव्हर, म्हणजे त्यांच्यात ओव्हर नसतात पण तुम्हाला कळलं. आणि शहराने फायनलही न गाठलेल्या या पोरांची परेड काढली.

आमच्या वेळी सर म्हणायचे, हात दुखतोय? मग अजून दहा टाक, मोकळा होईल. मी टाकले. माळ्यावरचा डबा काढायला मला अजून डावा हात लागतो.

म्हणून यंदा हजेरीच्या रजिस्टरमध्ये एक कॉलम वाढवलाय, बॉल किती. रेघा मारायला रोज एक पालक लागेल, संध्याकाळी साडेपाचला, नेटच्या मागे खुर्ची ठेवतो. सोमवारी कोण येतंय?